कम्प्युटरले पोळ्याची सुटी

बस बाबू, बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा हाय. खुर्ची घे. चहा सांगतला म्या. तुह्या गाडीच्या मांगच्या काचावर तुह्या आईचं नाव आज लागनच, पन जरासा टाइम लागन. कम्प्युटरच्या पडद्यावर तो निळा डबा आला हाय न, त्याले हात नको लावू. राहू दे तसाच. माही पोरगी अलीझा रेडियमचे रोल आनाले अकोल्याले गेली, अन् तिचा फोन लागून नाई राहिला. तवरक तुले एक गोष्ट सांगतो. याच टेबलावर एक कम्प्युटर मेला, बाबू. अन् मेला कशानं, तर लाडानं.

मले दर्यापुरात अजूनबी कुर्बान पेंटर म्हनते. पेंटिंग आता कोठी राहिलं म्हना. पहिले ब्रशनं पाट्या रंगवो. ट्रकाच्या मांगं, रसवंतीवर, इलेक्शनच्या भितीवर. मंग हे रेडियम आलं. कम्प्युटरवर नाव काढा, बाजूची कटर मशीन ते चिकट कागदावर कापते, सोला अन् लावा गाडीवर. ब्रशवाले सारे घरी बसले. म्या म्हनलं, आपन काई बसत नाई. अकोल्याहून एक वापरलेलं कम्प्युटर अन् कटर मेटॅडोरमधी टाकून आनलं. विंडोज एक्सपीवालं. चालू केलं का पडद्यावर हिरवी टेकडी अन् वर निळं आभाळ. पावसाळ्यात चिखलदऱ्याकडं दिसते ना, तशी.

आता हे नीट आईक, नाई तर पुढचं समजनार नाई. माही शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो. उर्दू हळूहळू वाचतो. इंग्रजीचं असं हाय, का एकेका अक्षराचं वळन मले पाठ हाय, डोळे मिटून काढून देईन. पन चार अक्षरं एका जागी येऊन काय बोलून राहिले, ते मले नाई समजत. मंग कम्प्युटर कसं शिकलो? जागेनं. वरून तिसरी ओळ, तिथून आत जा, पाचवी, तिथं कैची. लाल डबा आला तर उजवं बटन. पिवळा आला तर डावं. आपन आपल्या घरात दिवा न लावता माठापाशी जातो का नाई? तसं. वीस वर्सं मी त्या एक्सपीत अंधारात पानी प्यालो बाबू, एकडाव ठेच नाई लागली.

अलीझा अकोल्याले बीसीए शिकून आली. आल्या आल्या म्हने, "अब्बा, हे म्हातारं झालं."

"मीबी झालो."

"अब्बा, कंपनीनंच त्याले कधीचं सोडून देल्लं."

"बरं केलं. कोनी येऊन उंगल्या तर नाई करत त्यात."

तशी ती खोटी नोती. खरं ते खरं. नंबर प्लेटा आता सरकारी ठप्प्याच्या येते, ते काम गेलं. नवीन गिऱ्हाईक मोबाइल पुढं करते, "काका, हे असंच पायजे." एक्सपी ते उघडेच ना. मी म्हनो, कागदावर काढून आन. तो जाये तो जाये, परत तोंड नाई दाखवे. अलीझा कपाळाले हात लावे. रोज तेच. "अब्बा, बदला." "नाई बदलत." माही बायको हमिदा आतून म्हने, "तुमा दोघायले एका दोरीनं बांधून अमरावतीच्या बशीत बसवून देतो."

अन् त्या म्हाताऱ्याची एक खोड होती. बंद केलं का उठे ना. अकोल्याचा मेकॅनिक कुलदीप मले सांगून गेलता, "काका, याले आता बंद करू नका. चालू हाय तवरक चालू हाय." म्हनून त्याले इन्व्हर्टर लावलं. संध्याकाळी दुकान बंद करताना फक्त पडदा बंद करो. खालचा डबा घुर्र घुर्र करत राहे. ईद असो का दिवाळी.

आला पोळा. अलीझानं अखेरचं सांगून टाकलं, "पोळा झाला का नवीन येईन. म्या सांगून ठेवलं." पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळनीले, नत्थुजी आले. नत्थुजी म्हंजे माह्या बापाच्या जमान्यापासूनचे घरचे. दोन बैल हाय, टॅक्टरबी हाय, अन् टॅक्टरवर बैलायचीच नावं पायजे, मोती अन् तुफान. हातात लोन्याहळदीची वाटी, बाजारातून घरी चालले होते. माहं तोंड पाहून थांबले.

"काय बे कुर्बान, तोंड काऊन पाडलं?"

"पोरगी ह्याले काढून राहिली."

"किती वर्सं जुपलं याले?"

"झाले वीसएक."

"अन् पोळ्याले सोडलं का एखाद्या वक्ती?"

"नाई सोडलं."

"लाज वाटू दे बे! बैलाले सोडतो अन् याले नाई?"

असं म्हनून त्यायनं वाटीत बोटं बुडवली अन् डब्याच्या दोनी खांद्याले लोनी-हळद चोळली. वरतून म्हनते, "आज आवतन घे बाबा, उद्या जेवाले ये." हमिदा दारात उभी राहून हासून हासून बेजार. "भाईजी, लोनी त्याच्या पोटात जाईन!"

सारे हासले बाबू, पन माह्या मनात ते बसलं. आमच्या बापाची जोडी होती. मुसलमानाचं घर, पन पोळ्याले त्या जोडीच्या खांद्यावर जू ठेवलं तर माहा बाप काठी घेऊन मांगं लागे. म्या म्हनलं, हा जाऊनच राहिला, तर एक दिवस तरी आरामानं झोपू दे याले. कुलदीपचं बोलनं ध्यानात होतं, नाई असं नाई. पन हात गेला. खटकन बटन बंद केलं. घुर्र घुर्र थांबलं. दुकानात अशी शांतता झाली का मलेच कसंतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरायच्या लाकडी बैलायच्या गाडीवर लावाले चांदन्या पायजे होत्या, मोहल्ल्यातले लोक सकाळीच येऊन उभे. म्या बटन दाबलं. पंखा फिरला. टेकडी काई आली नाई. काळा पडदा अन् कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुक लुकलुक. बंद केलं, चालू केलं. थापड मारली. हमिदानं दुवा पढून फुंकर मारली. रेघ तशीच.

कुलदीपले फोन लावला.

"काका, बंद केलं होतं का?"

"सुटी देल्ली होती."

"कायची सुटी?"

"पोळ्याची."

मंग असा हासला, असा हासला, का म्या फोन ठेवून देल्ला.

संध्याकाळी आला, खोलून पाहिलं. "हार्डडिस्क बसली काका. दुसरी टाकून पाहू, पन कटरचा प्रोग्राम परत टाका लागन. त्याची सीडी कोठी हाय?"

सीडी? म्या हमिदाकडं पाहिलं, हमिदानं माह्याकडं. सीडी नत्थुजीच्या ज्वारीत होती. पाखरं हाकलाले त्यायले चमकनारं काई पायजे होतं, तं म्या जेवढ्या घरात होत्या तेवढ्या उचलून देल्ल्या. पाहून आलो जाऊन. बोरीच्या झाडाले सुतळीनं लटकून राहिली होती, उनानं तडकून दोन भाग. एका भागावर पोपटानं घान केली होती.

मंग हे नवीन बसलं इथं. नवीन म्हनतो, पन हेबी कोन्या तरी हापिसातून निघालेलं. अलीझानं तारा जोडल्या, कटर फुरफुरली, काम चालू. मानलं तिले. मोबाइलवरचं चित्र जसंच्या तसं कापून निघे. पन मी खुर्चीवर बसलो अन् हात जागच्या जागी. टेकडी नाई. वरून तिसऱ्या ओळीत भलतंच काई. कैची कोठी, तर उजवीकडं खाली, अन् तीबी कैचीसारखी दिसे ना.

अलीझा दोन दिवस शिकवत होती. तिसऱ्या दिवशी वैतागली. "अब्बा, वाचा ना! लिहिलं तर हाय तिथं."

म्या उठून बाहेर गेलो. पान खाल्लं. तिले नंतर समजलं, तिचंबी तोंड उतरलं, पन निघालेला शब्द परत जाते का? अन् गिऱ्हाईक तर अजून भारी. येनार, माह्या खांद्यावरून आत पाहनार, "काका, बेटी हाय का?" माहंच दुकान, माहंच नाव वर, अन् मी कोपऱ्यात बसून कापलेलं रेडियम सोलून राहिलो. ब्रश गेला तवा कम्प्युटरपाशी आलो. आता इथून उठलो तर जाऊ कोठी, सांग!

एक दिवस हमिदा म्हने, "ज्या मानसानं अख्ख्या तालुक्याच्या गाड्यायले खुना लावल्या, त्याले आपल्याच पडद्याले लावता नाई येत?"

डोक्यात उजेड पडला. म्या बसून इत्तू इत्तू रेडियम कापलं. लाल कैची, हिरवा बाण, पिवळा गोल. अलीझाले म्हनलं, कोन्या जागी काय ते फक्त बोटानं दाखव. तिनं दाखवलं, म्या पडद्याच्या काठाले लावलं. ते पाह्य, अजून हाय तथी. मंग पंधरा दिवस असे गेले का काय सांगू. अलीझा चित्र बनवे, मी कापो. गिऱ्हाईकानं "बेटी कोठी" इचारलं, का मीच म्हनो, "बेटीचं काय काम हाय, मले सांग."

सोळाव्या दिवशी नत्थुजीचा टॅक्टर आला. अलीझा आत जेवून राहिली होती. मोती-तुफान पडद्यावर तयार. म्या माउस लाल कैचीसमोर नेला, दाबलं. कटर सुटली. हातभर अक्षर पायजे, तर मुंगीएवढे मोती-तुफान, मोती-तुफान, मोती-तुफान. थांबाचं बटन हिरव्या बाणापाशी, तिथं दाबतो तर अजूनच जोरानं! अख्खा रोल खाऊन मंग थांबली.

नत्थुजीनं एक तुकडा बोटावर घेतला. "कुर्बान, हे टॅक्टरले लावू का अंगठीत बसवू?"

अलीझा धावत आली, पाहिलं. "अब्बा, काल अपडेट आला. सारं सरकलं."

"कोन आला?"

"अपडेट. त्याचं ते येते. नाई घेतला तर चोर घुसते कम्प्युटरमधी."

"मंग चोरापायी घरवाल्यालेच बाहेर काढते का? मी झोपलो असताना माह्या घराचे दरवाजे बदलते, अन् मले सांगतबी नाई?"

माहा आवाज रस्त्यावर गेला. नत्थुजीनं गुपचूप टॅक्टर चालू केला. अन् ही पोरगी मान खाली घालून म्हनते, "अब्बा... एक सांगू का? हेबी जुनं झालं. ऑक्टोबरनंतर कंपनी यालेबी सोडून राहिली. परत बदलावं लागन."

आता हासू का रडू? वीस वर्सं ज्यानं तरास नाई देल्ला तो म्हातारा. अन् महिन्याभरात ज्यानं मले दोनदा भुलवलं, तोबी म्हातारा. म्या तिले म्हनलं, बदला बाबा, दर पोळ्याले बदला. चोर घुसते तेबी खरं, गिऱ्हाईक जाते तेबी खरं. पन एवढं करा, का त्यातलं एक बटन माहं राहू द्या. सकाळी आलो तर ते तिथंच सापडलं पायजे. ती म्हने, "अब्बा, ते माह्याबी हातात नाई." पन दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मले खुर्चीवर बसवते, अन् सरकलेल्या खुना आमी दोघं मिळून नव्यानं लावतो.

आज ती सकाळच्याच जीपनं गेली. खुना लावाच्या राहिल्या. तू आला, तुह्या आईचं नाव सांगितलं, शकुन. म्या टाकलं, मोठं केलं, काचावर शोभन असं वळन देल्लं. कापाले गेलो, तर हा निळा डबा. याच्या पोटात दोन बटनं, एक डावं, एक उजवं. एकाले दाबलं तर तुह्या आईचं नाव कापून निघन. दुसऱ्याले दाबलं तर काय होईन ते त्यालेच ठाऊक. अलीझा संध्याकाळी येईन, अन् तुले तर आत्ता अमरावतीले जाचं हाय. तुले परत पाठवलं, तर उद्या तूबी येऊन "बेटी हाय का" असंच इचारशीन.

तू शिकलेला दिसतो. चहा ठेव खाली, ये इकडं. माही खुर्ची नाई देनार तुले, उभ्यानंच पाह्य. काय लिहिलं ते मले मराठीत वाचून सांग बाबू. बटन मी दाबतो.