सतरा दिवसांचा पत्ता

डर्बीचं घर तेरा मेला सोडायचं आणि समुद्रकाठचा बंगला तीस मेला ताब्यात घ्यायचा, हे क्लाइव्हने एकाच सकाळी दोन फोनांवर कबूल करून टाकलं. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. दोन्ही फोन मी ऐकले आणि बोलले काहीच नाही. नवरा फोनवर असताना मागून टोकणं आमच्यात बरं दिसत नाही.

पहिला फोन केलीचा. आमचं घर ती आणि तिचा नवरा विकत घेत होते. तिला सातवा महिना होता आणि त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत तेरालाच संपत होती. "अगं, त्यात काय एवढं!" क्लाइव्ह म्हणाला. "आमची काही अडचण नाही."

दुसरा मिस पिंचबेकचा. त्यांचा बंगला आम्ही घेत होतो. बाई एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा भाऊ लेकीसुना, नातवंडं घेऊन स्कॉटलंडहून यायचा. तेवढा एक आठवडा शेवटचा त्या घरात मिळाला तर बरं होईल, पण तुमची गैरसोय होणार असेल तर अजिबात नको, असं त्या तीनतीनदा म्हणत होत्या. क्लाइव्हही तीनतीनदा "छे छे" म्हणत होता.

"आणि मधले सतरा दिवस राहायचं कुठे?" त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"हॉटेलात. आजवर कधी सतरा दिवस सुट्टीवर गेलोय आपण?"

"सुट्टी! तुला एक जिना चढवत नाही."

"हॉटेलात लिफ्ट असते, एव्हिसबाई."

त्याच्या हृदयाने हात टेकले होते. हा उन्हाळा मिळेल, पुढच्याबद्दल मी बोलणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तर बंगला. जिना नाही, आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून बांधाच्या वर बोटभर समुद्र दिसतो. घर बघायला गेलो तेव्हा मिस पिंचबेकची परवानगी काढून क्लाइव्ह त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला, मान तिरकी करून उशीच्या उंचीवर आणली आणि म्हणाला, "दिसतो." त्याला बाकी काही नको होतं. पडल्यापडल्या तो बोटभर समुद्र बघत हा उन्हाळा काढायचा होता.

आमच्या वकीलबाई, मिस संधू, वयाने आम्हाला मुलीसारख्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो मिस्टर थॉर्प, सगळे एकाच दिवशी करतात. सकाळी इथली किल्ली द्यायची, दुपारी तिथली घ्यायची. अजून सह्या झालेल्या नाहीत, तारखा बदलता येतील. एकदा करार झाले की काळ्या दगडावरची रेघ, मग मीही काही करू शकणार नाही."

"दोघींना शब्द दिलाय हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तेराला सामान गोदामात गेलं. आम्ही दोन बॅगा घेऊन बंगल्यापासून बारा मैलांवरच्या एका हॉटेलात उतरलो. खोली स्वच्छ होती. खिडकीतून गाड्या लावायची जागा आणि पलीकडे गाद्यांचं एक मोठं दुकान दिसायचं. डर्बीतल्या नोराने, म्हणजे क्लाइव्हच्या चुलतबहिणीने, आपली खोली देऊ केली होती. पण तिच्याकडे रंगकाम निघालं होतं, तिला कशाला त्रास, म्हणून क्लाइव्हने तेही नको म्हटलं होतं.

डर्बीत दर मंगळवारी नर्स यायची. पायांची सूज बघायची, वजन करायची, गोळ्या कमीजास्त करायची. घर विकलं म्हटल्यावर तिथल्या दवाखान्याने यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. इकडच्या दवाखान्यातल्या मुलीला मी फोन केला तर ती गोड आवाजात म्हणाली, "पत्ता सांगा ना, लगेच नाव घालते." मी सांगितलं, तीस तारखेपासून अमुक अमुक. "मग तीसलाच फोन करा हं, काकू." मी आणखी हुज्जत घालायला हवी होती. मी तिचे आभार मानले.

पहिले तीनचार दिवस क्लाइव्ह खुशीत होता. सकाळी फुकटच्या न्याहारीला दोन अंडी घ्यायचा आणि मला म्हणायचा, "बघ, राणीसारखी ठेवलीय तुला." मग तो एकच अंडं घ्यायला लागला. मग तो खाली यायचा थांबला. त्याचे बूट पायात जाईनात. मी म्हटलं, हॉस्पिटलात जाऊ या. तो म्हणाला, तिथे आधीच गर्दी असते, बाकीच्यांना जास्त गरज असते. तेवढ्यावर मी गप्प बसले.

एकोणीसला ऊन पडलं होतं. मी त्याला गाडीत घातलं, पायांत सपाता, आणि समुद्राकडे नेलं. बंगल्याच्या गल्लीच्या तोंडाशी मी वळायचा दिवा लावला.

"नको," क्लाइव्ह म्हणाला.

"नुसतं समोरून जाऊ. थांबायचं नाही."

"ती खिडकीतून बघेल. तिला वाटेल घाई करायला आलेत. पाहुण्यांच्या तयारीत असेल बिचारी."

"वाटू दे की! आपलं घर आहे ते."

"अजून नाही, एव्हिस."

मागे एक लाल गाडी थांबली होती. तिने हॉर्न वाजवला नाही. मी दिवा बंद केला आणि सरळ पुढे गेले. नंतर आम्ही बांधाखाली गाडीतच बसून आइस्क्रीम खाल्लं. बांध उंच, समुद्र काही दिसला नाही. तिथून गल्ली शंभर पावलांवर होती. त्या वेळी मला क्लाइव्हची चीड आली होती आणि ती मी आइस्क्रीमबरोबर गिळली. आता वाटतं, थुंकायला हवी होती.

शुक्रवारी, तेवीस तारखेला सकाळी, मी त्याच्यासाठी टोस्ट आणायला खाली गेले. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती. मी वर आले तेव्हा क्लाइव्ह गेलेला होता. उशीवर टेकून, तोंड खिडकीकडे. मी टोस्टची ताटली टेबलावर ठेवली आणि त्याचा चष्मा पुसला. मग खाली फोन केला आणि सगळ्यात आधी म्हणाले, "तुम्हाला त्रास देतेय, माफ करा."

त्यानंतर मला काही वाटलं नाही. रडूही आलं नाही. माणसं आली, गेली. तुमचे डॉक्टर कोण, असं विचारलं तेव्हा मी डर्बीच्या डॉक्टरांचं नाव दिलं. आमचे ते आता नव्हते, तरी मृत्यूचा कागद त्यांनीच केला. मिस संधूंनी फोनवर हळू आवाजात सांगितलं की करार दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे तीसला बंगला मला एकटीला घ्यावाच लागेल. "बरं," मी म्हटलं.

मंगळवारी मिस पिंचबेकचा फोन आला. त्यांना वकिलांकडून कळलं होतं.

"तुम्ही हॉटेलात होतात?" त्या म्हणाल्या. "इथे, बारा मैलांवर? दोन आठवडे?"

"हो."

"पण का हो?"

"तुमचे भाऊ येणार होते ना."



"तो येणार नाही म्हणून त्याने एप्रिलमध्येच कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी लगेच तुम्हाला सांगणार होते. पण वाटलं, तुम्ही तुमच्या हिशेबाने सगळं ठरवलं असेल, आता परत बदलायला सांगितलं तर तुम्हाला त्रास. पंधरा तारखेपासून मी खोकी भरून बसलेय. पलंगसुद्धा बहिणीकडे पाठवून दिला. ती खोली रिकामी आहे हो, मिसेस थॉर्प. मी खुर्चीत झोपते."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी सभ्यच बोलले असेन. शिव्या द्यायला हव्या होत्या, पण त्या मला जमत नाहीत आणि त्या म्हातारीला द्यायच्या तर आधी मला स्वतःला द्याव्या लागल्या असत्या. दोन घरांतल्या तीन शहाण्या माणसांनी एकमेकांची गैरसोय टाळली होती.

बुधवारी मी मृत्यूची नोंद करायला गेले. टेबलापलीकडची बाई चाळिशीची होती, मऊ बोलायची. मधे कागदी रुमालांचा डबा होता. तिने नाव विचारलं, जन्मतारीख, धंदा. क्लाइव्ह रेल्वेच्या कारखान्यात वेळापत्रकं करायचा, ते मी सांगितलं. मृत्यूचं ठिकाण म्हणून तिने हॉटेलचं नाव घातलं.

"आणि राहण्याचा पत्ता?"

"नाही," मी म्हटलं.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. "मिस्टर थॉर्प कुठे राहायचे?"

मी तिला सगळं सांगितलं. तेरा तारीख, तीस तारीख. ती ऐकत राहिली. बोटं कळफलकावर तशीच.

"इथे काहीतरी लिहावं लागतं हो," ती म्हणाली. "शेवटचं घर लिहू का? डर्बीचं?"

त्या घरात आता केलीचे पडदे होते. "लिहा," मी म्हटलं.

"आता माहिती देणाऱ्याचा, म्हणजे तुमचा पत्ता. पत्रं कुठे पाठवायची तुम्हाला?"

टपाल तर आम्ही बंगल्यावर वळवलं होतं. परवा किल्लीही मिळणार होती. मी बंगल्याचा पत्ता सांगितला.

तिने कागद छापला आणि माझ्यापुढे सरकवला. "सही करण्याआधी नीट वाचा हं. एकदा नोंद झाली की दुरुस्ती करणं फार अवघड असतं."

मी वाचलं. नावं बरोबर होती. वर त्याचा पत्ता डर्बीचा, खाली माझा समुद्रकाठचा, मध्ये शंभर मैल. सत्तेचाळीस वर्षांत आम्ही एक रात्रही वेगळ्या घरात झोपलो नव्हतो, आणि तो गेला तेव्हा, कागदाप्रमाणे, आम्ही वेगळे राहत होतो.

"सगळं बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

मी "हो" म्हटलं आणि सही केली.