भिंतीकडची बाजू

दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत ताई सव्वीस वर्षं कवळ्या करत होती. तिच्या हातची कवळी पेल्यात ठेवली तरी हसते, असं डॉक्टर म्हणायचे. चकाकी म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि तिलाच आता वीतभर लांबीच्या एका काळ्या गाडीनं रडकुंडीला आणलं होतं.

गाडी अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे तिचे वडील. एकाच मालकाची एकच काळी गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. येत्या रविवारी ते धाकट्या मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते, आणि त्या गाडीसारखीच हुबेहूब, आपण रंगवलेली छोटी गाडी त्यांच्या सामानात असावी असं ताईच्या मनात होतं. नुसती असून भागणार नव्हतं. अण्णांनी ती हातात घेऊन ‘जमली’ म्हणायला हवं होतं. ताई दहा वर्षांची असताना मदत म्हणून तिनं मालकांच्या गाडीचं डावं दार कोरड्या फडक्यानं पुसलं होतं. फडक्यात वाळूचा कण अडकलेला. दारावर हातभर ओरखडा उठला. अण्णांनी मारलं नाही. "पुन्हा गाडीला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले. तेवढे शब्द तिला चाळीस वर्षं पुरले.

पहिल्या खेपेला ती हाताच्या सवयीवर गेली. चकाकीसाठी घासायचं जाड कंपाउंड, फिरतं चाक, बेताचा दाब. कवळी अशी घासली की तिचा आरसा होतो. पण कवळी आतबाहेर एकाच मालाची. गाडीवरचा रंग म्हणजे कांद्याचा पापुद्रा. बॉनेटच्या कडेला दोन फेऱ्यांत काळं गेलं आणि खालचा करडा प्रायमर, रंगाआधीचा थर, दात विचकून हसला. सगळा रंग उतरवा, पुन्हा श्रीगणेशा.

"जाड कंपाउंड कुणी सांगितलं तुम्हाला?" रंगाच्या दुकानदारानं विचारलं.

"तुम्हीच."

"मोठ्या गाडीसाठी सांगितलं असेल मी." त्यानं लगेच दुसरी बाटली पुढे सरकवली. "हे न्या. घरचे ओळखणार नाहीत."

आणि खरंच, त्या संध्याकाळी गाडीच्या टपात खिडकीचे गज मोजता येत होते. ताई शांत झोपली. सकाळी बोटांचे ठसे घालवायला तिनं गाडी साबणाच्या पाण्यात बुडवून काढली, तर कालचे सगळे ओरखडे हजेरी लावायला उभे. बाटलीनं ते काढले नव्हते, मेणानं बुजवले होते. पावडर थापून सुरकुत्या जाव्यात, तसे गेले होते ते.

"मग टूथपेस्ट लावून बघा," दुकानदार म्हणाला. "पुष्कळजण लावतात."

"दिवसभर दातच बघते मी, भाऊ. सुट्टीच्या दिवशीही तेच करू?"

शेवटी पांढरं मध्यम आणि पिवळं अगदी बारीक, अशी दोन कंपाउंडं घेऊन ती घरी आली. शनिवारी सकाळी हातानंच घासायला बसली. घासावं तितकी कोळ्याची जाळी उमटत होती. बारीक, गोल ओरखड्यांची, उजेडात धरलं की डोळ्यांत खुपणारी. समोर अण्णा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर धरून बसले होते.

"गोल गोल काय दळतेयस?"

"कवळीला असंच करतात."

"गाडीनं काय चावायचंय कुणाला?" अण्णांनी पेपराची घडी केली. "वारा जातो तसा हात ने. समोरून मागं, सरळ. आणि पांढऱ्याचं फडकं पिवळ्याला वापरू नको, जाड कण राहतात त्यात."

"पंधरा दिवस बघताय, अण्णा. आता सांगताय?"

"तू विचारलंस कुठं?"

ताईनं जुन्या मऊ दुपट्याचे नवे तुकडे कापले आणि हात सरळ नेला. दुपारी कधीतरी जाळी विरली. तिनं गाडी दोनदा साबणानं धुतली, तरी चकाकी हलली नाही. दाराशी मात्र रंग आता इतका पातळ झाला होता की आणखी एक हात फिरला तर करडं दिसणार. हे बोटाला कळत होतं. तिनं बाटल्यांची झाकणं घट्ट लावली आणि गाडी अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी ती खिडकीकडे तिरकी धरली. टप पाहिला, बॉनेट पाहिलं, डाव्या दाराशी थबकले. मग दारावर तोंडाची वाफ सोडली आणि खिशातला रुमाल काढून फर्रकन पुसलं. किल्ल्यांच्या खिशातला रुमाल.

डाव्या दारावर नखाएवढा करडा ओरखडा उमटला.

ताईनं ओरखड्यावर बोट ठेवलं.

"कोरड्या रुमालानं, अण्णा?"

"धूळ होती."

"धूळ नव्हती ती. खिडकीच्या काचेवर डाग आहे, तो दिसत होता त्यात."

अण्णांनी काचेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "घास की जरा पिवळ्यानं."

"काय घासू? रंग उरलाय का तिथं?" तिनं बाटली बाजूला सारली. "मला आयुष्यभर ऐकवलंत..."

"एकदाच बोललो होतो मी."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला आणखी राग आला. ती नखांतलं पिवळं कंपाउंड काढत बसली. ते निघत नव्हतं.

अण्णा उठले. गाडी घेऊन भिंतीवरच्या फळीपाशी गेले. मधोमध मोकळी जागा होती, पण त्यांनी ती मागे नेली, डावं दार भिंतीकडे, मध्ये बोटभर अंतर ठेवून. हातानं आपोआप केल्यासारखं.

"अशी काय लावलीत?"

"अशीच लावायचो. मालक उजवीकडून बसायचे." अण्णा फळीकडेच पाहत होते. "त्या ओरखड्यानंतर साडेतीन वर्षं. मग गाडीला नवा रंग झाला."

"त्यांना कळलंच नाही?"

"कळू दिलं नाही. नोकरी होती."

ताईचा राग होता तिथंच होता, फक्त आता त्याला बसायला धड जागा सापडेना.

"धाकट्याला फोन लाव," अण्णा म्हणाले. "त्याच्याकडे अशी भिंतीला लागून फळी आहे का, विचारून घे."