सतरावा खांब

तळ्यातल्या तोहुए गावात कोसिबाच्या घराला सोळा खांब होते, आणि सोळा भरपूर होते. तरी गेल्या महिन्यात तिने दोन माणसं लावून घरापासून चार हातांवर, तळ्यातच, सतरावा खांब ठोकून घेतला. चांगला मांडीएवढा जाड. आता लोकांना हसायला कारण लागतं का? शेजारून जाणाऱ्या होडीतून रोज कोणी ना कोणी विचारायचंच.

"काय मावशी, खांबाला काय बांधणार? हत्ती?"

"दवाखान्याची नाव."

"अहो, पण ती आहे कुठे अजून?"

"येईल. आल्यावर खांब शोधत बसू का?"

हसणाऱ्यांनाही आतलं कारण ठाऊक होतं. कोसिबाची थोरली लेक अब्लावा मागच्या वर्षी अडली, तेव्हा वल्ह्याच्या होडीतून तिला पलीकडे कालावीच्या इस्पितळात पोचवायला अडीच तास लागले. वारा समोरून होता. अब्लावा वाचली, बाळ नाही वाचलं. आता तिला पुन्हा सातवा महिना लागला होता.

तळ्यातल्या गावांसाठी इंजिनाची दवाखाना-नाव सुटणार होती, पण थांबे फक्त चार. कुठल्या गावांना द्यायचे ते बुधवारी दुपारी तीनला, प्रांताच्या कचेरीत, नकाशावर घरं बघून ठरायचं होतं. तो नकाशा करायचं काम कालावीतल्या एका लहानशा संस्थेकडे होतं आणि संस्थेत कोसिबाची धाकटी, फिफामे, नोकरीला होती. तोहुएतलं घर न् घर तिने स्वतः होडीतून हिंडून मोजलं होतं. मालकाचं नाव, माणसं, खांब, सगळं लिहून घेतलं होतं. घरं भरली चारशे बारा.

आणि बुधवारी सकाळी साडेदहाला पाहते तो काय, नकाशात तोहुए नाहीच! कालावीची घरं लालभडक दिसत होती. तळं मात्र कोरं करकरीत, निळंच्या निळं.

"घरांच्या लेयरवर टिक आहे का?" शेफ अव्लेसींनी आपल्या खुर्चीवरूनच विचारलं. संस्थेत साहेबांना 'शेफ' म्हणायची रीत. हा माणूस कॉम्प्युटर पेटला असता तरी आधी हेच विचारणार.

"शेफ, मी काय कालची आहे?"

"बघ तर खरं."

बघितलं. 'घरं' या थरापुढे टिक होती.

मग अक्षांश-रेखांश तपासले. मागे एकदा त्यांची अदलाबदल झाली होती आणि एक अख्खी शाळा मुलांसकट समुद्रात जाऊन पडली होती. ती गोष्ट शेफ अजून येईल त्या पाहुण्याला सांगायचे. पण यावेळी आकडे बरोबर होते. ब्राउझरची जुनी साठवण पुसली. नकाशा जवळ आणला, लांब नेला. घरांचा रंग पिवळा केला, काळा केला. फाइल तर नीट उघडत होती, चारशे बारा ओळी चारशे बाराच होत्या. घरं होती आणि दिसत नव्हती! फिफामेच्या नाकी नऊ आले.

"असाच नेऊ," शेफ हळूच म्हणाले. "तोंडी सांगू, की इथेही गाव आहे म्हणून."

"तोंडी? आजवर तोंडीच सांगत आलोय ना आपण? ऐकलं का कोणी?" तिचा आवाज चिरकला. तिला खरंच रडू येत होतं. मोजणीच्या वेळी अब्लावाने विचारलं होतं, "माझं घर लिहिलंस ना ग?" आणि हिने ऐटीत सांगितलं होतं, "पहिलं तुझंच."

साडेबाराला कोसिबा आली. धक्क्यावर भाजलेली मासळी विकून झाली की बुधवारी ती लेकीला जेवण घेऊन यायचीच: पानात गुंडाळलेला मक्याच्या पिठाचा अकासा, तळलेला मासा आणि वर मिरचीचा ठेचा. पोरीचं तोंड पाहून तिने डबा टेबलावर आपटला.

"कोण मेलं?"

"गाव मेलं आपलं. हे बघ. दिसतंय कुठे?"

कोसिबा वाकली. नकाशा तिने जन्मात पाहिला नव्हता, पण तळं काय तिला कोणी शिकवायला हवं! तेलाचं बोट तिने थेट काचेवर टेकवलं. "ही नदी येऊन मिळते ती जागा. हे बाजाराचं बेट. म्हणजे आपलं घर इथे."

"आई, बोट काढ. तिथे काही नाहीये. बघ, दाबून दाखवते." फिफामेने चिडून त्या निळ्यावर क्लिक केलं.

टपकन एक चौकट उघडली. 'कोसिबा. माणसं चार. खांब सतरा.'

खुर्ची ढकलून शेफही आले.

"आहे की घर," कोसिबा म्हणाली. "उगीच कशाला गळा काढलास?"

"मग दिसत का नाही?"

"पाण्याखाली आहे म्हणून! आणखी काय? तुझा बाप घर बांधायचा तेव्हा पाहिलं नाहीस? खाली पाणी, पाण्यात खांब, खांबावर घर. तुम्ही शहाण्यांनी घरं आधी मांडलीत आणि वरून तळं ओतलंत. बुडणार नाहीत तर काय पोहणार?"

फिफामेने डावीकडची यादी पाहिली. सगळ्यांत वर 'पाणी', त्याखाली 'घरं'. यादीत जे वर, तेच नकाशावर वर रंगतं, हे ती नव्या पोरांना रोज शिकवायची. मागच्या वर्षी कालावीतल्या पुराचा नकाशा तिनेच केला होता. कुठली घरं बुडाली ते दाखवायचं होतं, म्हणून पाणी मुद्दाम वर ठेवलं होतं. तीच मांडणी तिने जशीच्या तशी इथे उचलली. तळ्यात जन्मली, फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी बघत मोठी झाली, आणि घर पाण्यावर उभं असतं हेच विसरली! लाजेने तिचे कान तापले.

"शेफ, माझीच चूक आहे."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," शेफ म्हणाले. "ओढ आता ते पाणी खाली."

तिने 'पाणी' ओढून 'घरां'च्या खाली सोडलं आणि निळ्यावर एकदम चारशे बारा घरं उमटली. कोसिबाने आपलं घर शोधलं, मग अब्लावाचं, मग ज्याच्याशी सहा वर्षं बोलणं नव्हतं त्या शेजाऱ्याचंही. "हा मेला पण आलाय," ती म्हणाली, पण खुशीत म्हणाली.

तीनच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या मादाम औंसूंनी नकाशा चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"घरं पुष्कळ आहेत. कबूल. पण आमची नाव जड आहे. तुमच्या घरांच्या शिड्यांना बांधली तर घरच ओढून नेईल. तळाला गाळ, नांगर धरत नाही. धक्का असलेल्या गावांनाच थांबा देता येईल."

शेफनी मान खाली घातली. फिफामेने आईच्या घरावर क्लिक केलं.

"खांब सतरा," मादामनी वाचलं. "म्हणजे?"

"घर सोळांवरच उभं आहे, मादाम. सतरावा बाजूला ठोकलाय, जाडजूड. तुमच्या नावेसाठी."

"आमच्या? अहो, थांबे तर आज ठरतायत!"

"मीही आईला तेच म्हटलं. ती म्हणाली, आल्यावर खांब शोधत बसू का?"

कोणीतरी खुदकन हसलं. मादाम हसल्या नाहीत. त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला आणि कागदावर चौथ्या ओळीत लिहिलं: तोहुए.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, पांढरी नाव भकभकत आली आणि तिचा दोर सतराव्या खांबाला पडला. खांब कुरकुरला, पण हलला नाही. हत्तीची चौकशी करणारे सगळे आपापल्या होड्या घेऊन हजर होते, आणि वर कोसिबालाच विचारत होते, रांग कुठून लावायची.

पहिली अब्लावा चढली. स्वतःच्या पायांनी, एका फळीवरून. दाईने तिच्या पोटावर यंत्र टेकवलं आणि धडधड ऐकू आली, घाईघाईची, ठणठणीत. कोसिबाने पदराने डोळे पुसले.

मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आता वारा कुठूनही वाहू दे."