मावशीचा चांदीचा चषक

रविवारी सकाळी अकरा वाजता शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना जाड पडदे लावून भर दिवसा अंधार केलेला, आणि त्या अंधारात दोनशे माणसं घाम पुसत एका बाईची वाट बघत होती. बाई येणार हे नक्की होतं. ती वारून तीस वर्षं झाली होती, एवढीच काय ती अडचण.

व्यासपीठावर परलोकतज्ज्ञ बसले होते. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ. म्हणजे विज्ञानवाल्यांनाही बरं आणि भाविकांनाही बरं.

"लहरी जुळतायत," ते डोळे मिटून म्हणाले. "कुणाला खोकायचं असेल त्याने आत्ताच खोकून घ्यावं. खोकल्याने कंपनं बिघडतात."

सगळं सभागृह आज्ञाधारकपणे खोकलं. मग शांतता झाली आणि तज्ज्ञांच्या तोंडून घोगरा, बाईचा म्हणता येईल असा आवाज निघाला. "मी आलेय... कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातून..."

"मावशी!" कुणीतरी किंचाळलं.

मावशी ही सगळ्या गावाची मावशी. गावात सायकल चालवणारी पहिली बाई, आणि मग सायकलचं दुकान टाकणारीही पहिलीच. लोक आधी हसले आणि पंक्चर झाल्यावर गुपचूप तिच्याकडेच गेले. तिचा आत्मा आता एकेक आठवण सांगत होता. दूधवाल्याच्या गाडीशी झालेली टक्कर. 'बाईने सायकल चालवल्याने गावाची घडी विस्कटेल' असं एका निवृत्त मास्तरांनी पेपरात लिहिलेलं पत्र. शर्यतीत मागे टाकलेले अकरा पुरुष. म्हातारी माणसं माना डोलवत होती. खरं होतं, सगळं खरं होतं.

पहिल्या रांगेत मावशीची भाची बसली होती. वय अठ्ठावन्न, नखांत वंगण. सातव्या वर्षी आई गेल्यावर मावशीने हिला वाढवलं, हातात पाना दिला. पुढे दुकानात स्कूटर दुरुस्तीही करावी असं भाचीला वाटायला लागलं आणि मावशीला ते मुळीच वाटेना. दोघी सारख्याच हट्टी. एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि भाची दुसऱ्या शहरात निघून गेली. अकरा महिन्यांनी मावशी अचानक गेली. भेट झालीच नाही. भाची परत आली, दुकान उघडलं, आणि त्यानंतर तिने एकाही स्कूटरला हात लावला नाही.

"पोरी," आत्मा म्हणाला, "मी तुला माफ केलंय."

भाची ओंजळीत तोंड लपवून रडली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

पण आत्मा तिथे थांबला नाही. "कोपऱ्यावरची जागा या तज्ज्ञांच्या परलोक-संवाद केंद्राला दे. पुढच्या रविवारी किल्ल्या ठेव. मग मी सुटले." आणि जाता जाता म्हणाला, "टाळ्यांच्या कडकडाटात मला चांदीचा चषक प्रदान करण्यात आला, तेव्हा उपस्थितांचे डोळे पाणावले, तो दिवस मी विसरणार नाही."

"चषक?" भाची दचकली. "घरात मी कधीच पाहिला नाही."

"एका गरजूला देऊन टाकला," आत्मा तात्काळ म्हणाला. "दानाची वाच्यता करू नये."

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. लहानपणी माझ्या सायकलची चेन बसवताना मावशी मला म्हणाली होती, "गधड्या, हिला तेल पाजतोस की नुसती हवा खायला घालतोस?" ती बाई 'प्रदान करण्यात आला' म्हणेल? मेल्यावर माणूस काय थेट बातमीदार होतो?

मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. आमच्याकडे गावच्या जुन्या साप्ताहिकाचे सगळे अंक बांधून ठेवलेत. उंदीर आणि मी सोडून त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी मी वाचकांच्या सह्यांची वही उघडली आणि कपाळावर हात मारला. दीड महिन्यापूर्वी एक चष्मेवाला गृहस्थ 'गावातील कर्तबगार स्त्रिया' या विषयावर प्रबंध लिहायला आला होता. नऊ दिवस बसला. वाचनालयाला इतका अभ्यासू माणूस लाभल्याच्या आनंदात मी त्याला रोज दोनदा चहा पाजला, वर मावशीच्या बातम्या स्वतः शोधून दिल्या. आत्म्याच्या लहरी माझ्याच टेबलावर जुळल्या होत्या. तो अभ्यासू माणूस काल सभागृहाच्या दारात लोकांना बसायला जागा दाखवत होता.

मी अंक काढले. मावशीचं सगळं आयुष्य त्यात तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं होतं: टक्कर, पत्र, शर्यत, आणि पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका सोमवारच्या अंकात सत्कार. 'टाळ्यांच्या कडकडाटात चांदीचा चषक प्रदान करण्यात आला. उपस्थितांचे डोळे पाणावले.' शब्द न् शब्द.

अंक दाखवायला मी धावत शेजारच्या शिंप्याकडे गेलो. तो वाचून थक्क झाला. "बघा! पेपरातसुद्धा तेच आहे! म्हणजे आत्मा किती खरा!"

मी अंक काखोटीला मारून खिळेकाकांकडे गेलो. साप्ताहिकाच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ज्यांनी चाळीस वर्षं पानं लावली, ते हे काका. वय पंच्याऐंशी, कान अधू, स्मरणशक्ती तल्लख. बातमी वाचून ते इतके हसले की मी पाण्याचा तांब्या शोधायला लागलो.

"अरे, ही बातमी मी शनिवारी लावली!"

"सत्कार तर रविवारी होता."

"म्हणूनच तर! अंक सोमवारचा, रविवारी छापखाना बंद. मग रविवारच्या कार्यक्रमाची बातमी संपादक शनिवारीच लिहायचे, निमंत्रणपत्रिका समोर ठेवून. टाळ्या, पाणावलेले डोळे, सगळं तयार. त्या वेळी नगराध्यक्षांना व्यासपीठावर सायकलवरून यायची हौस आली. शनिवारी संध्याकाळी सराव करताना आपटले, पाय मोडला. सत्कार रद्द. पण आमचा अंक तोवर छापून झालेला."

"मग चूक दुरुस्त नाही केली?"

"संपादक म्हणाले, छापलं ते झालं. चषक परत दुकानदाराकडे गेला. मावशी मला वर्षभर विचारत होती, 'का रे, सगळ्यांचे डोळे पाणावले होते ना? मग रुमाल कुठायत?'"

पुढच्या रविवारी सभागृहाबाहेरही माणसं उभी होती. भाचीच्या मुठीत दुकानाच्या किल्ल्या होत्या. लहरी जुळल्या, आत्मा आला. मी हात वर केला.

"मावशी, त्या सत्काराला कोण कोण होतं गं?"

"नगराध्यक्ष होते," आत्मा खुशीत आला. "त्यांनी स्वतःच्या हातांनी चषक दिला. उभे राहून भाषण केलं. केवढ्या टाळ्या!"

"उभे राहून?" खिळेकाका काठी टेकत पुढे आले. "दोन पायांवर?"

"अर्थात!"

"अगं, त्या दिवशी त्यांचा एक पाय प्लास्टरमध्ये होता नि ते दवाखान्यात बोंबलत होते!"

काकांनी सगळी हकीकत सांगितली. मी अंक वाचून दाखवला, वहीतली सही दाखवली. दारातला अभ्यासू माणूस तोवर दारात राहिला नव्हता. कुणीतरी पडदे सरकवले आणि लख्ख उजेडात परलोकतज्ज्ञ पुरुषी आवाजात म्हणाले, "आत्म्यांनाही विस्मरण होतं." सभागृह असं हसलं की कंपनं कायमची बिघडली. ते मागच्या दाराने गेले. मावशीच का निवडली, हेही लोकांच्या ध्यानात आलं: पेपरात भरपूर माहिती, मागे एकच नातेवाईक, आणि भर चौकातली जागा.

मी विजयी मुद्रेने भाचीकडे वळलो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जागा वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "पण दादा, तीस वर्षांनी मला माफी मिळाली होती. आठ दिवस शांत झोपले. तीही काढून घेतलीत तुम्ही."

मला स्वतःची लाज वाटली. मी फक्त फसवणूक शोधत बसलो होतो. तिला काय हवं होतं ते मी शोधलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्याबरोबर मी भाची गाव सोडून गेली त्या वर्षाचे अंक खाली काढले. बातमी एकही नव्हती. मग जाहिरातींची पानं बघायला लागलो, आणि दुपारी तिला निरोप पाठवला.

ती आली तशी मी अंक पुढे सरकवला. तिने गाव सोडलं त्याच्या आधीच्या सोमवारी शेवटच्या पानावर छोटी चौकट होती: 'मावशी सायकल दुरुस्ती. काम चोख.' तिने गाव सोडलं त्यानंतरच्या सोमवारी चौकट बदलली होती: 'मावशी-भाची सायकल व स्कूटर दुरुस्ती. भाची बाहेरगावी आहे. ती येईपर्यंत स्कूटर आणू नये.'

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही. तिने एकेक पान उलटलं. मावशी गेली त्या आठवड्यापर्यंत एकही सोमवार सुटला नव्हता.

बराच वेळ ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.

"पण हा पेपर तर न झालेलं छापायचा ना? हे मावशीनेच दिलं कशावरून?"

सांगतो, आदल्या दिवशीच्या हशापेक्षा मला हा प्रश्न जास्त आवडला. आम्ही तडक खिळेकाकांकडे गेलो.

"तीच यायची चिठ्ठी घेऊन," काका म्हणाले. "मी म्हटलं, 'येईपर्यंत' काढ, ओळ लांब होतेय. तर म्हणाली, 'दुकानाचं नाव काढ हवं तर. तो शब्द राहू दे.'"

गेलेली माणसं बोलत नाहीत, हे कडू आहे, पण खरं आहे. त्यांनी जिवंतपणी काय केलं, ते मात्र शोधता येतं. त्यासाठी अंधार लागत नाही, लहरी लागत नाहीत. कुणी चमत्कार दाखवला तर तारीख बघा, वही बघा, ज्याने स्वतः पाहिलंय त्याला विचारा. आणि मनासारखं उत्तर मिळालं तर पुन्हा एकदा विचारा, भाचीने विचारलं तसं.

भाचीने परवा दुकानात पहिली स्कूटर दुरुस्तीला घेतली. माझीच होती. उघडून बघितली आणि म्हणाली, "गधड्या, तेल घालतोस का कधी हिच्यात?"