माझ्यावर फेस का टिकेना

मित्रांनो, मी बिअरचा पेला आहे. जाड काचेचा, एका कानाचा आणि आता बराच जुना. चेक देशात, उत्तर बोहेमियातल्या एका काचकारखान्यात लालभडक गोळा साच्यात पडला, दाबला गेला आणि बोटं टेकायला माझ्या अंगावर खळगे उठले. कान मागाहून चिकटवला.

पुढे कित्येक वर्षं मी बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांमधल्या एका गावी, खानावळीतल्या खुंटीवर टांगलेला असे. माझा मालक अलोइस मळ्यात ट्रॅक्टर चालवायचा. संध्याकाळी तो आला की बिअर भरून देणारा राडोवान मला काढी, थंड पाण्यात बुचकळे आणि नळाखाली धरी. वर तीन बोटं फेस. अलोइसने घोट घेतला की माझ्या आतल्या बाजूला फेसाचं पांढरं कडं उमटे. दर घोटाला एक कडं. राडोवान ती कडी बघूनच म्हणे, "आज घाईत पितोयस. मुकादमाशी भांडलास वाटतं?" अलोइस हसे. काय दिवस होते ते!

मग अलोइसचे गुडघे गेले. खानावळीची चढण त्याला झेपेना, म्हणून तो मला घरी घेऊन आला. त्याची बायको लिबुशे रोज संध्याकाळी झाकणाचा जग घेऊन राडोवानकडून बिअर आणू लागली. मला ती हाताने धुवायची. पण तिची बोटं सांध्यांत सुजू लागली, तेव्हा घरात डिशवॉशर आला. भांडी त्यात लावायचं काम अलोइसने हौसेने स्वतःकडे घेतलं.

पहिल्यांदा बाहेर आलो तेव्हा मी आरशासारखा लखलखत होतो. अलोइसने मला खिडकीशी धरून पाहिलं. "बघ गं, नवरदेव दिसतोय!"

त्या संध्याकाळी बिअर ओतली, तेव्हा फेस उठला आणि मिशी पुसेपर्यंत बसला. बुडबुडे माझ्या अंगाला पुरळासारखे चिकटून राहिले. कडं एकही नाही.

मी गोंधळून गेलो. इतका स्वच्छ मी जन्मात नव्हतो, मग फेस माझ्यावर का रुसला? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, म्हातारपण असेल. काचेलाही येत असेल.

अलोइसला मात्र वेगळंच वाटलं.

"राडोवान पाणी घालतोय," तो म्हणाला.

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मी ती चढण चढून येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे ना. पांगळ्याला काहीही खपवावं! सांग त्याला जाऊन."

लिबुशेने सांगितलं नाही. पण गाव लहान आहे. खिडकीतून ओरडलेलं खानावळीत पोहोचलंच. राडोवानकडून निरोप आला, "त्याला म्हणावं, गुडघ्यांपाठोपाठ जीभही गेली." अलोइसने जग फडताळात ठेवून दिला आणि जेवताना चहा पिऊ लागला. त्याच्याकडे पाहवत नसे. मी रिकामाच धुतला जात होतो, रोज आणखी चकचकीत होत होतो आणि मला काहीच कळत नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी लिबुशे जग घेऊन गेली आणि राडोवानलाच घेऊन आली. त्याच्या एका हातात भरलेला जग होता, दुसऱ्यात खानावळीतला पेला. त्याने नमस्कारही केला नाही. मला अलोइससमोरून ओढलं, दुसऱ्या पेल्याशेजारी ठेवलं आणि एकाच जगातून दोघांत बिअर ओतली.

त्या पेल्यातला फेस ताठ उभा राहिला. माझा बसला.

तिघंही माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, कुठे तोंड लपवावं मला समजेना. काचेला कुठे लपता येतं!

राडोवानने मला रिकामं करून नाकाशी धरलं. "लिंबाचा वास येतोय. वर तेलकटही आहे."

"म्हणजे हिचं ते यंत्र!" अलोइस उसळला. "मी म्हणतच होतो..."

"माझं यंत्र?" लिबुशे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भांडी चमकावायला त्यात घालतात त्या चकाकीच्या औषधाची कळ शेवटपर्यंत कोणी फिरवली? पेल्याशेजारी बदकाच्या चरबीचं ताट कोण लावतं? 'लखलखला पाहिजे, लखलखला पाहिजे!' आता बघ लखलखाट!"

तेव्हा कुठे मला उमगलं. ज्या लखलखाटाची मला ऐट होती, तो माझ्या अंगावर राहिलेला एक पातळ थर होता आणि फेस त्यानेच मरत होता. राडोवानने खायचा सोडा आणि कढत पाणी घेऊन मला आतून चोळलं, भरपूर थंड पाण्याने विसळलं आणि फडकं न लावता पालथं घातलं. मग जगात उरलेली बिअर माझ्यात ओतली. फेस उठला आणि उभा राहिला.

अलोइसने घोट घेतला. कडं उमटलं. माफी मागणं त्याला कधी जमलं नाही. त्याने मला कानाला धरून टेबलावरून पलीकडे सरकवलं.

"घे. तू पी."

इतक्या वर्षांत माझ्यातून दुसरं कोणी प्यालं नव्हतं. राडोवानने माझ्याकडे पाहिलं, अलोइसकडे पाहिलं आणि मला उचललं. त्याचं कडं अलोइसच्या कड्याखाली उमटलं, जरासं तिरकं.

"हळू पी," अलोइस म्हणाला. "मलाही ठेव."

डिशवॉशर घरात आहे, कारण लिबुशेची बोटं तशीच आहेत. पण पेले आता वरच्या कप्प्यात लावतात आणि चरबीची ताटं त्यांच्याबरोबर घालत नाहीत. चकाकीचं औषध बंद आहे. ओतण्याआधी थंड पाण्याने एकदा विसळतात. त्यामुळे माझ्यावर पाण्याचे ठिपके राहतात आणि मी पूर्वीसारखा दिसत नाही. सुरुवातीला मला लाज वाटायची.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल. त्याला जरूर धुवा, पण धुतल्यावर नीट विसळा. आणि घरात काही बिनसलं, तर दुसऱ्याच्या दारावर ओरडण्याआधी आपलं भांडं एकदा हुंगून पाहा. एवढंच मागणं आहे. फेस का बसतो ते मला कळलं, माणूस का रागावतो हे मात्र अजूनही पुरतं कळलेलं नाही. पण रविवारी राडोवान येतो, आणि दोघं एकाच पेल्यातून पितात.