नाकाला लावलेली दोरी

मी फ्लॅश बोलतोय. इकडे बघा, डोळे उघडे ठेवा... मिटलेत! जमलं. भल्याभल्यांना डोळे मिटायला लावणं हा माझा जन्माचा उद्योग. मान ताठ करून ऐटीत बसलेल्या साहेबांचा फोटो पेंगुळलेला आला, की मला हसू आवरायचं नाही.

माझं शिक्षण भागाकारापर्यंत. पुढे शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, आठवत नाही. पण तेवढ्यावर आयुष्य निघालं. माझी ताकद ऐंशी. माणूस जितके फूट लांब, तितक्यानं ऐंशीला भागायचं आणि येईल तो आकडा भिंगावर लावायचा. दहा फुटांवर आठ, पाच फुटांवर सोळा. आकडा मोठा तितकं भिंगाचं भोक लहान; असला उलटा कारभार कुणाला सुचला, देव जाणे. हिशेब चुकला, तर नवरदेव एक तर पीठ फासल्यासारखा, नाहीतर कोळशाच्या वखारीतून उठून आल्यासारखा.

माझे मालक फोटोवाले. माणूस लाखातला, पण समोर गिऱ्हाईक बसलं की त्यांचा भागाकार पळून जायचा. मग त्यांच्या बायकोनं युक्ती काढली. माझ्या पायाला एक दोरी बांधली आणि मोजून गाठी मारल्या. प्रत्येक गाठीचा आकडा ठरलेला. ती दोरी ताणत जायची, गिऱ्हाइकाच्या नाकाला लावायची आणि नाकाशी येईल त्या गाठीचा आकडा ओरडायची, "आठ!" गाठ नाकाशी येत नसली, तर सरळ खुर्चीच सरकवायची. नाकाला गुदगुल्या झाल्या की रडकी पोरंसुद्धा हसायची. तेवढ्यात ही वाकून बाजूला, आणि मी लख्ख!

सगळे तिला दोरीवाली म्हणायचे. साऱ्या गावाला हसवलं तिनं, पण तिचा स्वतःचा फोटो एकच, लग्नातला. त्यातही डोळे मिटलेले. माझ्याच कुणा भाऊबंदाची करामत!

वय झालं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, उद्या डॉक्टर माझे सगळे दात काढणार. माझ्या दातांनी हसतानाचा एक फोटो काढा ना."

"इतकी वर्षं म्हणतोय, बस त्या खुर्चीत!"

"मला कधी म्हणालात? गिऱ्हाइकांना म्हणत होता."

फोटोवाल्यांनी कॅमेरा उचलला. रिळात दोनच फोटो उरले होते आणि दुकानं बंद झालेली. ती केस सारखे करून बसली, दोरी स्वतःच्याच नाकाला लावली, "आठ!" म्हणाली, आणि जन्माच्या सवयीनं वाकून बाजूला झाली. तेवढ्यात मी लख्ख!

"खुर्ची छान आली असेल," ती खालूनच म्हणाली.

पण फोटोवाले कॅमेऱ्यामागे चुळबुळायला लागले. आता एकच फोटो, आणि सकाळी ते दात नसणार. बाईच्या आधी स्वतःच हलतील, असं मला वाटलं.

"ऐक," ते म्हणाले, "दोरी सोडूच नकोस. नाकाशी ताणून धर."

"अहो, फोटोत दिसेल की!"

"दिसू दे. हात रिकामा झाला की तू पळतेस."

ती हसली. वेडेवाकडे, किडके, सगळेच्या सगळे दात दाखवत हसली. मी लख्ख झालो. आणि खोड्या करण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासमोर तिनं डोळे मिटले नाहीत.

तो फोटो आज भिंतीवर आहे. तिच्या नाकापासून निघालेली दोरी थेट बघणाऱ्याच्या अंगावर येते. ती कवळी काढून फोटोला दाखवते, "बघ, ओळखतेस का?" फोटोवाले अजून हसतात.

मी कपाटात आहे. अंगात वीज टिकत नाही, पायाला दोरी तेवढी आहे. पडल्यापडल्या मनात येतं, अंतर दुप्पट झालं की माझा उजेड चौथाई उरतो. म्हणून लांबच्या माणसासाठी भिंग जास्त उघडावं लागतं. हे मला ठाऊक होतं. पण दोरीच्या टोकाशी उभी असलेली बाई कुणालाच दिसली नाही, त्याला काय म्हणावं?

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, सगळ्यांना हसवून ऐन वेळी वाकून बाजूला होणारं. त्याला खुर्चीत बसवा. हातात काहीतरी धरायला द्या, नाहीतर पळेल. आणि डोळे उघडे ठेवा. घाबरू नका, आता मी लख्ख होत नाही.