दाराजवळच्या कोंबड्या

तळहातावर टेकलेला तो पाय… तीन बोटे पुढे, एक मागे, आणि बोटांच्या बेचक्यांत हळद लागावी तसा फिकट पिवळेपणा. हा पाय पांढरा असायला हवा होता. जाळीच्या या बाजूच्या दोनशे कोंबड्या नुसत्या ज्वारीवर वाढल्या, मक्याचा दाणा त्यांनी पाहिलेला नाही, असे सूनबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आणि ज्वारीवरच्या कोंबडीच्या पायांना पिवळा रंग चढत नाही. म्हाताऱ्याने कोंबडी हळूच खाली ठेवली. ती गेली नाही. काही मिळेल म्हणून पायाशीच घुटमळत राहिली.

जाळीतून येणाऱ्या उन्हात तुसाची धूळ तरंगत होती, खाली पडायचे विसरल्यासारखी. चारशे गळ्यांतून येणारी ती बारीक कुजबुज ऐकत उपड्या बादलीवर बसले, की आपण जागे आहोत की नाही हेच त्याला कळेनासे होई. रोज पहाटे सूनबाई उठायच्या आत जाळीपलीकडच्या, मक्यावर वाढणाऱ्या दोनशेंच्या पोत्यातून मगभर भरडलेला मका घ्यायचा आणि इथे, दाराजवळ, टाकायचा. हे त्याने ठरवून केले नव्हते. हाताने केले होते. दुसऱ्या आठवड्यात सूनबाई म्हणाली होती, “यांचं काय बाबा, कशावरही वाढतील.” ती खुशीत बोलली होती. मागच्या खेपेला बुरशी लागलेल्या मक्याने अर्धी शेड चार दिवसांत आडवी झाली, तेव्हापासून ती ज्वारीमागे लागली होती… पण ते शब्द त्याच्या कानांत गेले ते तिच्या तोंडून नव्हे. उंबऱ्याएवढी उंची, समोर दोन ताटल्या, अंडे थोरल्या भावाच्या ताटलीत — तो अशक्त, त्याला हवे — आणि आई पदराला हात पुसत शेजारणीला सांगते आहे, “याचं काय, हा कशावरही वाढतो!”

आणि वाढलाच की तो. चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहिली, थोरला चष्मा लावून पुस्तकांत बसला तेव्हा. चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा, मी कशावरही वाढलो. मग भिंतीवरून येणारी शेजारच्या काकूंची मूठ — शेंगदाण्यांची, कधी खारकेची, “गप खा, बोलू नकोस” — ती कुठे गेली? विसरला नव्हता. हिशेबात धरली नव्हती, इतकेच.

“वहिनी, तुमच्या ज्वारीवाल्यांनी पिवळे मोजे कुठून आणले?”

कोंबड्यांचे खाद्य दळणारा गिरणीवाला काटा टांगून उभा होता. पलीकडच्या वीस आणि मग दाराजवळच्या वीस कोंबड्या तोलून झाल्या होत्या.

“तुमच्या डोळ्यांना कावीळ झालीय,” सूनबाई हसली. “वजन बघा, वजन! मक्यावाल्यांच्या बरोबरीनं आल्यात.”

“आल्यात खऱ्या. आणि पकडाव्याही लागल्या नाहीत हो, वऱ्हाड निघाल्यासारख्या आपणहून पुढे. मग पुढच्या खेपेला सगळ्या शेडला ज्वारीच ना? दुपारी मिसळायला घेतो.”

शेड आडवी झाल्यापासून ती अशी हसली नव्हती. म्हाताऱ्याने ते हसणे बघून घेतले. गप्प बसले तर ते राहील… पुढची खेप तोलायला येईपर्यंत तरी राहील.

“सूनबाई.”

“चहा ठेवते बाबा, एवढं होऊ द्या.”

“चहा नको. या वीस माझ्या आहेत.”

“सगळ्याच तुमच्या.”

“तसं नव्हे गं. यांना मी मका घालतो. रोज. मगभर.”

गिरणीवाल्याला एकाएकी काट्याचा हूक तपासावासा वाटला.

“कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून.”

“आणि रोज वर मलाच विचारता, ज्वारी मानवली का म्हणून!” ती खोक्यावर बसली. “उपाशी होत्या का हो त्या?”

“नाही.”

“मग?”

उत्तर होते. पण ते फार लांबून यायचे होते, आणि वाटेत कितीतरी माणसे बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले. रागात सुरू झालेली नजर मध्येच कुठेतरी थकली.

“कोपऱ्यातल्यांनी खाल्लाय?”

“त्या कधी माझ्याजवळ आल्याच नाहीत.”

“मग उठा. त्या तोलू.”

त्या पळाल्या, फडफडल्या, तूस उडाले. ऊन क्षणभर दिसेनासे झाले. सूनबाईने त्यांतल्या वीस एकेक करून खोक्यात भरल्या. गिरणीवाल्याने खोका टांगला आणि काट्याची सुई हेलकावे खाऊ लागली. ती मक्यावाल्यांच्या आकड्यापर्यंत पुढे जावी… पुढे गेली तर ज्वारी खरी, सूनबाईचे पाच आठवडे खरे, आणि आपण म्हणत आलो तेही खरे. हे त्याला हवेच होते, मनापासून हवे होते. आणि तरी आत कुठेतरी, उंबऱ्याएवढे एक पोर ती मागे राहावी म्हणून श्वास रोखून बसले होते — म्हणजे कुणाची तरी मूठ लागतेच, हे एकदा ठरेल. एरवी त्याने त्या पोराला केव्हाच दटावले असते. आज म्हाताऱ्याने दटावले नाही. थोडे सरकून त्याला बसायला जागा दिली.